अर्ज कुणाच्या दारात?

रोमचं प्रजासत्ताक नेमकं कोणत्या दिवशी संपलं?

शाळेतल्यासारखं एका वाक्यात उत्तर द्यायला गेलं की पंचाईत होते. इ.स.पू. ४९ मध्ये ज्युलियस सीझर सैन्य घेऊन रुबिकॉन नदीच्या अलीकडे आला, तो दिवस धरायचा? की इ.स.पू. ४४ मध्ये त्याला तहहयात डिक्टेटर केलं, तो? पण त्याच वर्षी १५ मार्चला प्रजासत्ताक वाचवायचं म्हणून त्याचा खून झाला. म्हणजे वाचवण्यासारखं काहीतरी शिल्लक आहे, असं मारेकऱ्यांना तरी वाटत होतं. मग इ.स.पू. ३१ ची अ‍ॅक्टियमची लढाई? की इ.स.पू. २७ चा जानेवारी, जेव्हा सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन सिनेटसमोर उभा राहिला आणि माझ्याकडचे सगळे अधिकार मी परत करतो, म्हणाला?

मला हा शेवटचा प्रसंग सगळ्यात जास्त विचार करायला लावतो. रोमच्या पहिल्या सम्राटाची कारकीर्द सुरू झाली ती अधिकार सोडल्याच्या घोषणेने. सिनेटने अर्थातच आग्रह केला की असं करू नका. मग ज्या प्रांतांत बहुतेक सैन्य होतं ते प्रांत दहा वर्षांसाठी त्याच्याकडे राहिले आणि काही दिवसांतच त्याला ‘ऑगस्टस’ हा किताब मिळाला. त्याने स्वतःला राजा कधीच म्हणवून घेतलं नाही. सिनेट भरत राहिली, दरवर्षी कॉन्सल निवडले जात राहिले. पुढे त्याने स्वतःच्या कामगिरीचा लेखाजोखा लिहून ठेवला. त्यात त्याचं म्हणणं साधारण असं आहे, की माझा अधिकार माझ्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हता, फक्त माझं वजन जास्त होतं.

‘वजन’ हा शब्द आपल्याला नवा नाही. ‘साहेबांचं तिथे वजन आहे’ हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधावा लागेल.

सातारा आणि पुणे

आता हाच प्रश्न आपल्या इतिहासाला विचारून बघू. मराठी राज्याचा कारभार छत्रपतींकडून पेशव्यांकडे नेमका कधी गेला?

आधी एक फरक सांगायला हवा. मराठी राज्य प्रजासत्ताक नव्हतं. तिथे राजा होता, निवडणुका नव्हत्या. पण १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा कारभाराची एक रचना होती: आठ प्रधान, प्रत्येकाचं काम वेगळं आणि सगळे राजाला जबाबदार. पेशवा त्या आठांपैकी एक. पुढच्या शंभर वर्षांत हा एक प्रधान राज्याचा मालक झाला आणि तरीही शेवटपर्यंत प्रधानच म्हणवत राहिला. रोमशी साम्य आहे ते इथे: पाटी जुनी, घर दुसऱ्याचं.

त्याचीही एक तारीख सापडत नाही. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं तेव्हा? १७३० मध्ये पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला तेव्हा? डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज वारले आणि राज्य चालवण्याची जबाबदारी नानासाहेब पेशव्यांवर आली तेव्हा? की १७५० मध्ये, नव्या छत्रपतींच्या, म्हणजे रामराजांच्या काळात, सांगोल्याला करार झाला तेव्हा? बहुतेक पुस्तकं सांगोल्याकडे बोट दाखवतात. पण त्यानंतरही पेशव्यांच्या शिक्क्यावर आधी छत्रपतींचं नाव होतं आणि मग ‘प्रधान’. प्रत्येक नव्या पेशव्याला साताऱ्याहून वस्त्रं यावी लागत. १७७४ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते जेमतेम चाळीस दिवसांचे होते.

जरा थांबून बघा. साताऱ्यात नावाचा राजा. त्याच्या नावाने पुण्यात पेशवा. तो पेशवा पाळण्यात, म्हणून त्याच्या नावाने कारभार करणारे कारभारी आणि त्यांतून पुढे आलेले नाना फडणवीस. दर पायरीवर कागद बरोबर, शिक्का बरोबर, वस्त्रं वेळेवर. आणि दर पायरीवर खरा निर्णय एक घर पुढे सरकलेला.

अंजूरचे नाईक

मग तारीख सापडत नसेल तर सत्ता कुठे आहे हे ओळखायचं कशावरून? मी एक साधी खूण धरून चालतो. अर्ज कुणाच्या दारात जातो ते बघायचं.

आमच्या नारपोलीपासून जवळच अंजूरफाटा आहे. लोकल, रिक्षा, टेम्पो, कंटेनर सगळ्यांना तो माहीत. ज्या अंजूर गावामुळे त्याला हे नाव मिळालं, त्या गावचे गंगाजी नाईक अंजूरकर आणि त्यांचे भाऊ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला साष्टी आणि वसईचा मुलूख पोर्तुगिजांकडे होता आणि तिथल्या हिंदू रयतेवर धर्मावरून जाच होत होता. या नाईकांनी दाद मागितली आणि वर्षानुवर्षं तिचा पाठपुरावा केला. शेवटी १७३७ मध्ये मोहीम सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली.

नाईकांनी आपलं गाऱ्हाणं नेलं ते पुण्याच्या पेशव्यांकडे. तेव्हा साताऱ्यात शाहू महाराज होते, त्यांचा शब्द चालत होता, कागदावर सगळं राज्य त्यांचंच होतं. सांगोल्याचा करार व्हायला अजून दशकभर अवकाश होता. पण वसईवर फौज कोण आणू शकेल, हे अंजूरच्या माणसाला त्याआधीच कळलं होतं.

आपल्याकडे म्हण आहे, गरजवंताला अक्कल नसते. मला ती पटत नाही. सत्ता कुठून कुठे सरकली हे गरजवंताला सगळ्यांच्या आधी कळतं. इतिहासकाराला कागद मिळावा लागतो, गरजवंताला फक्त दोन वेळा हात हलवत परत यावं लागतं. तिसऱ्या वेळी तो बरोबर दार शोधतो.

रोममध्येही हेच झालं. इ.स.पू. २२ मध्ये धान्याची टंचाई पडली. लोकांनी सिनेटच्या इमारतीला वेढा घातला, सिनेटरांना आत कोंडलं आणि धमकी दिली, की ऑगस्टसला डिक्टेटर करा, नाहीतर इमारतीसकट जाळून टाकू. ऑगस्टसने डिक्टेटरपद नाकारलं. धान्यपुरवठ्याची जबाबदारी मात्र घेतली. म्हणजे नाव नाकारलं, काम घेतलं. पुढच्या टंचाईत लोक कुठे जाणार, हे त्या दिवशीच ठरलं.

दोष कुणाचा?

इथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. चालणाऱ्या दारात जाणारा माणूस चूक करतो का?

सोप्या गोष्टीपासून बघू. आमच्या इमारतीत चोवीस फ्लॅट आहेत आणि एक सेक्रेटरी काका. पंप बंद पडला, काकांना फोन. टँकर मागवायचा, काकांना फोन. वरच्या मजल्यावरचं पाणी खालच्या भिंतीत झिरपतंय, काका दोघांना बसवून मिटवतात. माणूस सरळ आहे, हिशेब चोख आहे, वेळेला खिशातले पैसे घालतो. वार्षिक सभेची नोटीस लागते, तिच्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक सोसायटीला पाठ असलेली ती ओळ असते: कोरम न भरल्यास सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला कोरमची गरज राहणार नाही. मग अर्ध्या तासाने सहा-सात जण खुर्च्या ओढून बसतात आणि सगळे ठराव एकमताने मंजूर होतात.

यात वाईट माणूस कोण? शोधून सापडणार नाही. आमच्या इमारतीत मागावर बारा तासांची पाळी करून येणारे आहेत. त्यांना सांगायचं का, की नळाला पाणी नसेल तर काकांना फोन करू नका, आधी सभेत ठराव मांडा? पोराला सकाळी शाळेत जायचंय, त्याला अंघोळ घालायचीय. पाण्याला तत्त्वज्ञान चालत नाही. रोमच्या उपाशी माणसालाही ते चाललं नसतं. ज्याची चूल बंद आहे त्याने जे दार उघडेल ते वाजवावं. त्याला दोष देणाऱ्याचं पोट भरलेलं असतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

पण मागच्या वर्षी काका दोन महिने गावी गेले. तेव्हा लक्षात आलं की टँकरवाल्याचा नंबर, पंपाच्या मेकॅनिकचं नाव, लिफ्टच्या कराराचे कागद, सगळं एकाच माणसाच्या डोक्यात आणि कपाटात होतं. समिती नावाला पाच जणांची होती. त्यातल्या एकालाही काही ठाऊक नव्हतं, कारण त्याला कुणी कधी काही विचारलंच नव्हतं.

चांगल्या माणसाच्या हाती सगळं सोपवण्यातली अडचण ही आहे. तो वाईट निघेल ही भीती नंतरची. आधी बाकीच्यांची सवय जाते. न वापरलेला माग जसा गंजतो, तशी न वापरलेली समिती. ऑगस्टस चाळीस वर्षं राहिला आणि इ.स. १४ मध्ये वारला. तोवर खरं प्रजासत्ताक डोळ्यांनी पाहिलेली माणसंच फार थोडी उरली होती. त्याच्यामागून आलेल्या टायबेरियसने त्याच वर्षी अधिकाऱ्यांच्या निवडणुका जनसभांकडून काढून सिनेटकडे दिल्या. लोकांनी काय केलं? थोडी कुरकुर. त्यापलीकडे काही नाही.

‘नाही’ म्हणायची खुर्ची

रोमच्या जुन्या रचनेत दोन गोष्टी फार शहाणपणाच्या होत्या. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून त्या मला जरा जास्तच ओळखीच्या वाटतात.

पहिली म्हणजे डिक्टेटर. हे पद मुळात शिवी नव्हतं. संकट आलं की एका माणसाला जवळपास सगळे अधिकार द्यायचे, पण जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी. आमच्याकडे रात्री दोनला सर्व्हर बसला की एखाद्याला थेट प्रॉडक्शनचा अ‍ॅक्सेस देतात, तसंच. नीट चाललेल्या टीममध्ये त्या अ‍ॅक्सेसला मुदत असते, सकाळी तो आपोआप बंद होतो. ढिसाळ टीममध्ये तो काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि दोन वर्षांनी कळतं की अर्ध्या कंपनीच्या किल्ल्या एकाच माणसाकडे आहेत. सुल्लाने डिक्टेटरपद मुदतीशिवाय घेतलं, पण निदान स्वतःहून सोडलं. सीझरने तहहयात घेतलं. संकट संपलं की नाही, हे ठरवायला मग कुणी उरलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ट्रिब्यून. सामान्यांच्या बाजूने निवडलेला हा माणूस मोठमोठ्या अधिकाऱ्यांचा निर्णय नुसतं ‘नाही’ म्हणून अडवू शकत होता आणि त्याच्या अंगाला हात लावणं हे पाप मानलं जाई. इ.स.पू. २३ मध्ये ऑगस्टसने ट्रिब्यूनचे अधिकार स्वतःकडे घेतले, ते पद न घेता. माझ्या मते प्रजासत्ताक संपल्याची तारीख सांगायचीच झाली तर ही सांगावी. ज्याला ‘नाही’ म्हणायचं, त्याच्याच खिशात ‘नाही’ गेलं.

हे फार जुनं आणि फार दूरचं वाटत असेल तर भिवंडीत या. भिवंडी-निजामपूर महापालिकेचं मे २०१७ मध्ये निवडलेलं सभागृह २०२२ मध्ये मुदत संपल्यावर घरी गेलं. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते, म्हणून नवं आलं नाही. राज्यातल्या इतर अनेक महापालिकांचं हेच झालं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेतीन वर्षं प्रशासकाची. प्रशासकाच्या राजवटीत रचना अशी असते, की प्रशासनाने प्रस्ताव ठेवायचा आणि सभागृहाच्या जागी प्रशासकानेच तो मंजूर करायचा. विचारणारा तोच, उत्तर देणारा तोच. अधिकारी कितीही कर्तबगार असो, हा प्रश्न त्याच्या कर्तबगारीचा नाही. त्याला भर सभेत अडवणारी, प्रसंगी हुज्जत घालणारी खुर्ची रिकामी होती, एवढाच मुद्दा आहे.

आणि कबूल करायला हवं, की अनेकांना त्या खुर्चीची आठवणही आली नाही. ‘नगरसेवक होते तेव्हा तरी काय दिवे लागले होते?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर सहज ऐकू येतो. प्रश्न खोटा नाही. रोमची सिनेटही शेवटच्या काळात लाचखोर, भांडखोर आणि सुस्त होतीच. पण खुर्चीवरचा माणूस नालायक होता म्हणून खुर्चीच नको, हा युक्तिवाद ऐकून सगळ्यात जास्त आनंद कुणाला होत असेल, एवढं स्वतःला विचारून बघावं.

रिकामं नाव पुढे कुणाच्या कामी येतं

कुणी म्हणेल, नाव तरी शिल्लक राहिलं ना? सातारची गादी होती, सिनेट होती. वेळ आली की त्यात पुन्हा जीव भरता येईल.

इ.स. ४१ च्या जानेवारीत ती वेळ आली. कॅलिगुला मारला गेला. सिनेट जमली, प्रजासत्ताक परत आणायची चर्चा झाली, पहारेकऱ्यांना परवलीचा शब्दही ‘स्वातंत्र्य’ दिला गेला. पण तोवर सम्राटाच्या अंगरक्षक पलटणीने राजवाड्यात पडद्याआड लपलेल्या क्लॉडियसला बाहेर काढून आपला सम्राट केलं होतं. बाहेर जमलेली गर्दीही एकच राजा मागत होती. तिला सिनेटच्या दारात जायची सवयच उरली नव्हती. दुसऱ्याच दिवशी सिनेटने मान तुकवली.

आपल्याकडे १८१८ मध्ये आली. नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचा झेंडा लागला होता. दुसरे बाजीराव पळत होते. तेव्हा फेब्रुवारी १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला: छत्रपतींना त्यांचं राज्य देऊ. ज्या नावाला पुण्याने सत्तर वर्षं फक्त वस्त्रांपुरतं वापरलं, ते नाव कंपनीने लोकांना शांत करायला वापरलं. प्रतापसिंह महाराजांना छोटं राज्य मिळालं. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केलं आणि १८४८ मध्ये, वारस नाही असं म्हणून, ते राज्यही खालसा झालं.

रिकामं नाव बीज म्हणून टिकत नाही. ते पुढच्या बळकट माणसाच्या हातातलं हत्यार होतं.

परत देता येतं का?

येतं. एक उदाहरण माझ्याच क्षेत्रातलं आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा ज्याने बनवली, त्या गिदो व्हान रॉसमला जगभरचे प्रोग्रामर अर्ध्या गमतीने ‘तहहयात उदार हुकूमशहा’ म्हणत. शेवटचा शब्द त्याचा. जुलै २०१८ मध्ये, एका बदलावरून झालेल्या कडवट वादानंतर, तो त्या पदावरून बाजूला झाला. मी वारस नेमणार नाही, पुढे कसं चालायचं ते तुम्हीच ठरवा, एवढं त्याने कळवलं. लोकांनी वेगवेगळ्या रचना मांडल्या, त्यांवर मतदान केलं आणि २०१९ मध्ये पाच जणांचं निवडलेलं मंडळ आलं. त्या पहिल्या मंडळात तोही होता, पाचांतला एक म्हणून.

हे जमलं ते तो मोठ्या मनाचा होता म्हणून, हे खरंच. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. त्याच्याभोवती कोड वाचू शकणारे, वाद घालणारे, लेखी हरकत घेणारे शेकडो लोक वर्षानुवर्षं काम करत होते. त्यांची सवय गेली नव्हती. म्हणून खुर्ची रिकामी झाली तेव्हा पलटण आली नाही, बैठक झाली.

मग जबाबदारी कुणाची?

माझं उत्तर असं आहे. चालणाऱ्या दारात जाणाऱ्या गरजवंताची ही जबाबदारी नाही. जबाबदारी त्याची, ज्याचं आजचं काम अडलेलं नाही.

रोममध्ये ती सिनेटरांची होती. त्यांच्याकडे जमिनी होत्या, शिक्षण होतं, वेळ होता, आणि त्यांनी तो टाळ्या वाजवण्यात घालवला. मराठी राज्यात ती सरदारांची आणि प्रधानांची होती. आज ती तुमची-माझी आहे, ज्यांना शनिवार-रविवार सुट्टी असते, नियमावली वाचता येते आणि पाणी नसेल तर दोन दिवस बाटल्या मागवून भागतं. मागावरच्या माणसाने काकांना फोन करावाच. पण माझ्यासारख्याने सभेत बसून पंपाच्या मेकॅनिकचं नाव इतिवृत्तात लिहून घ्यावं, हिशेबावर एखादा प्रश्न विचारावा, आणि काका भले माणूस असले तरी सेक्रेटरीपदाला मुदत असावी, हे तोंडावर म्हणावं. त्यासाठी शूर असावं लागत नाही. थोडं कंटाळवाणं व्हावं लागतं, एवढंच.

नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल राघोबादादांना दोषी ठरवणारे रामशास्त्री प्रभुणे आपल्याला अडीचशे वर्षांनीही आठवतात. आपण ती गोष्ट अभिमानाने सांगतो. पण एक ‘नाही’ इतकी वर्षं लक्षात राहतं, कारण तसं म्हणणारे फार थोडे होते. ज्या राज्यात ‘नाही’ म्हणायला रामशास्त्रीच लागतो, तिथली बाकीची दारं कधीच बंद झालेली असतात. जिथे ती उघडी आहेत, तिथे ‘नाही’ हा रविवारच्या सभेतला रोजचा, कुणाच्याही लक्षात न राहणारा शब्द असतो.